विहिरीची अक्कल स्विमिंग पूलला लावली

मंडळी, आज मी माझ्याच हातानं मुलाचा धंदा बुडवला. गोड बोलून समजूत काढायला कोणी येऊ नका.

मुलगा पंधरा वर्षं बोटीवर नोकरीला होता. यंदा कायमचा घरी आला आणि आमच्या माडांच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या आणि पूल बांधला. शेजारी समुद्र असून पुण्याच्या लोकांना पोहायला गरम पाणी लागतं, म्हणून हीटर बसवला. आठवडाभर हीटर तापून बंद पडत होता. मुलगा तो थंड झाला की परत बटण दाबायचा.

आज सकाळी जळका वास आला. कणकवलीहून मेकॅनिक आला. त्यानं पूलचं पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडातून मासळीच्या जाळ्याचा तुकडा काढला, सुरूच्या पाल्यानं गच्च भरलेला.

"पाणीच पुढे जाणा नाय, मगे हीटर तापतलोच. ह्यां कोणी बांधलां?"

"मिया," मी कबूल केलं.

विहिरीच्या पंपाला आम्ही असंच बांधतो, पाला आत जाऊ नये म्हणून.

"आजी, हीटर गेलो. आता नवोच होयो."

नवा घ्यायची ऐपत राहिलेली नाही. मुलानं येणाऱ्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं, मग पडवीत बसून बोटीच्या एजंटला फोन लावला.

मी म्हटलं, "मेल्या, माका गाळी तरी घाल!"

"नको गो आये. माझी बॅग खंय ठेवलंस?"

बॅग माझ्या खाटेखाली आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं?