राखेनं घासलेलं टेबल

सत्तरच्या दशकात, आमचं आखाडा बाळापूर अजून परभणी जिल्ह्यात होतं तेव्हा, मी बी.ए. झालो. आमच्या घरात पहिलाच. एस.टी.नं कॉलेजला जाऊन-येऊन शिकलो आणि अभ्यास केला तो शाळेतल्या गणिताच्या सरांनी दिलेल्या सागवानी टेबलावर. मी कॉलेजात नाव घातलं त्याच आठवड्यात त्यांनी ते बैलगाडीतून आमच्या घरी पाठवलं होतं. आता सर निवृत्त होऊन मुलाकडं कायमचे निघाले होते आणि टेबल परत द्यायचं होतं.

आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं परत करताना लख्ख घासून देतात आणि रिकामं देत नाहीत. आईनं टेबलालाही तोच नियम लावला. मी बाहेर गेलो असताना तिनं राख आणि नारळाची शेंडी घेऊन ते घासून काढलं. येऊन बघतो तर लाकडावरची तेलाची मऊ तकाकी गेलेली आणि सगळीकडं पांढुरक्या ओरखड्यांची वर्तुळं. आई दाराशी उभी होती. "चांगलं करायला गेले अन् इस्कोट झाला," म्हणाली. "आता सर काय म्हणतील?"

मी स्वयंपाकातलं शेंगदाण्याचं तेल चोळलं. त्या दिवशी टेबल फार सुंदर दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ चिकटली, मुंग्या आल्या.

मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुतार चाचांना बोलावलं. टेबल मीच घासलं असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका वर्तुळावरून बोट फिरवलं.

"झूट बोलून राहिला. असा गोल हात भांडे घासणाऱ्या बाईचाच असतो. बी.ए. झालास, पण भांडं कधी घासलं न्हाईस."

आई आतल्या खोलीतून हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

चाचांनी आधी रॉकेलच्या चिंधीनं चिकट तेल काढलं. मग बारीक पॉलिश पेपर जवसाच्या तेलात भिजवून मला लाकडाच्या रेषेनं, सरळ, हलक्या हातानं चोळायला लावला. लाकडाची भुकटी आणि तेल यांचा जो चिखल होई तोच ओरखड्यांत भरत जाई. थोड्या वेळानं कोरड्या कापडानं सगळं पुसायचं, वर थेंबही ठेवायचा नाही, दोन दिवस हात लावायचा नाही, मग पुन्हा तेल. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नको, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळव, असंही त्यांनी बजावलं.

जवसाचं तेल आम्ही खातोच. मग शेंगदाण्याच्या तेलानंच काय बिघडलं, असं मी विचारलं. चाचांनी पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही तेलांचे दोन पातळ पट्टे ओढले आणि उन्हात ठेवायला सांगितलं. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बोट लावून बघत होतो. पाचव्या दिवशी जवसाच्या तेलाची साल झाली होती, नखानं सोलून निघाली. शेंगदाण्याचं होतं तसंच ओलं. असं का, हे मात्र चाचांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच पत्र्यावर दाखवलं होतं.

वर्तुळं गेली. एका कोपऱ्यात आईचा जोर जास्त पडला होता. आणखी चोळलं तर तिथं खळगा पडेल म्हणून चाचांनी मला थांबवलं.

टेबल पोचवायला आईही आली. सरांच्या घरी सामान बांधून झालं होतं. त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि दिलं होतं त्यापेक्षा बरं दिसतंय म्हणाले. मला तेवढ्यावर सुटायचं होतं. आईनं कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सर, हे माझ्यानं झालं. राखेनं घासलं म्या."

सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी मला सगळं विचारलं. मी राखेपासून पत्र्याच्या पट्ट्यांपर्यंत सांगितलं.

"जवसाचंच का सुकतं?"

"ठाऊक नाही, सर."

"मलाही नाही. कळलं की पत्र टाक."

आईचं लक्ष टेबलाच्या खणाकडं होतं. तिथं तिनं फडक्यात तुरीची डाळ बांधून ठेवली होती. जातीमुळं आमच्या घरचं खाण्याचं आजवर त्यांच्या घरात काही गेलं नव्हतं. सरांनी खण ओढला, गाठोडं उघडलं, डाळ डब्यात ओतून घेतली. मग बांधलेल्या पोत्याची सुतळी सोडून गुळाचा एक खडा काढला, त्याच फडक्यात गुंडाळला आणि आईच्या हातात दिला.

घरी येईपर्यंत तिनं ते फडकं मला धरू दिलं नाही.