विवेकयुगाचं औक्षण

नांदेडच्या एका कॉलेजात युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या साहित्यावर चर्चासत्र होतं. माझा निबंध घेऊन मी लातूरहून सकाळच्या बसने गेले. आयोजक म्हणजे माझेच जुने सर. देव, राजा, पोथी, सगळ्यांना प्रश्न विचारा, असं त्यांनी आम्हाला वर्गात बजावलेलं. उद्घाटन मात्र तासभर लांबलं, कारण राहुकाळ चालू होता. विवेकयुगावर बोलायचं, पण राहूची परवानगी घेऊन! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मग उद्घाटकांची गाडी आली. औक्षणाला बाई हवी म्हणून कुणीतरी ताट माझ्या हातात दिलं. मी निरांजन लावलं, तोच सर लगबगीने जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताट त्या दुसऱ्या म्याडमकडं दे गं. माझं काही न्हाई, पण पाहुणे लई जुन्या वळणाचे हायत."

माझा नवरा जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. आणि हे जुन्या वळणाचे पाहुणे बीजभाषण कशावर देणार होते? विवेकावर! मला ओवाळायची हौस मुळीच नव्हती. पण भर दारात ताट काढून घेतलं, तेव्हा अंगाची लाही लाही झाली. पाहुणे कुंकू लावून घेत हसत आत गेले.

माझी पाळी जेवणाच्या आधी आली. अध्यक्ष सरच. निबंधात माझा मुद्दा साधा होता: तिकडच्या त्या थोर लेखकांनी 'माणूस' हा शब्द खूप गाजवला, पण बहुतेकांच्या त्या माणसात घरची बाई नव्हती, मळ्यातला गुलामही नव्हता. शेवटचं पान मात्र मी वाचलंच नाही. म्हटलं, "आपण नेहमी म्हणतो, हे साहित्य आपल्याला नीट कळलं नाही. मला वाटतं, अगदी बरोब्बर कळलं. जगाला प्रश्न विचारायचे आणि आपल्या उंबऱ्यापाशी गप्प बसायचं." आणि सकाळची ताटाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

मागच्या रांगेतल्या मुली सरसावून बसल्या. सरांनी टेबलावरची घंटी वाजवली.

"वैयक्तिक काही नको. हे संशोधन आहे. संदर्भ सांगा."

मी म्हटलं, "सर, संदर्भ अध्यक्षस्थानी बसलेत."