उतरवलेली पट्टी

मास्तर नवव्या वर्षी चर्चच्या गायकांत उभे राहिले आणि आवाज फुटला तसे ऑर्गनवर बसले, ते पुढची पंचेचाळीस वर्षं उठलेच नाहीत. गायकांत त्यांच्या शेजारी उभा राहणारा धाकटा पोरगा पुढे त्यांचा मेहुणा झाला. काय गळा होता त्याचा! त्याने एकट्याने गीत म्हटलं की बायकांचे रुमाल बाहेर यायचे.

पन्नाशीला आला आणि मेहुण्याचा वरचा सूर फाटायला लागला. एका रविवारी मास्तरांनी त्याच्या गीताची पट्टी गुपचूप खाली घेतली. पुस्तकात एक आणि बोटांखाली भलतंच, म्हणजे सगळी कसरत डोक्यात. बाहेर पडताना मेहुणा एवढंच पुटपुटला, "भाऊजी, कुणाला कळू देऊ नका." झाकली मूठ सव्वा लाखाची. सात वर्षं मास्तरांनी ती बायकोपुढेसुद्धा उघडली नाही.

मग नवे पाळक आले, भलतेच तिखट कानांचे. कमिटीत त्यांनी विचारलं, "हे गीत पुस्तकातल्या पट्टीत का वाजत नाही?" मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. बोलेल आता, त्यांना वाटलं. बोलला की. "भाऊजींचं वय झालं हो. मूळ पट्टीत हात चालत नाहीत. मीच सांभाळून घेतो."

सांभाळून घेतो म्हणे. याला म्हणतात केसाने गळा कापणं. मास्तरांचं अंग नुसतं पेटलं. पाळक म्हणाले, "रविवारी मूळ पट्टीत वाजवून दाखवा. नाहीतर दुसरं माणूस बघावं लागेल."

हात शाबूत होते, वाजवणं सोपं होतं. पण वाजवलं तर भरल्या चर्चमध्ये याचा गळा फाटणार आणि पहिल्या बाकावर त्याची बहीण ते बघणार.

रविवारी मास्तरांनी मान वळवून पाहिलं. मेहुणा निवांत उभा होता. भाऊजी आपली फजिती होऊ देणार नाहीत, याची त्याला पुरती खात्री होती. मास्तरांना त्याची चीड आली, स्वतःची त्याहून जास्त. त्यांनी पट्टी उतरवली. गीत सुरेख झालं. पाळकांनी खेदाने मान हलवली.

घरी बायको म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या भावाने तुमचं झाकलं. आज निदान त्याचे आभार तरी मानायचे होते."