शेडमधलं टेबल सॉ

शिक्रापूरची एक जुनी वखार बंद होत होती. तिथलं लाकूड कापायचं बिडाचं टेबल सॉ मी माझ्या पगारातून घेतलं आणि टेम्पोत घालून दौंडला आणलं. घरच्या घरी खुर्च्या, कपाटं करायची होती. हे मी फक्त पप्पांना सांगितलं होतं. आईला यंत्र दिसलं तेच शेडमध्ये, तिच्या स्कूटीच्या जागेवर.

"नवमीपर्यंत चालू झालं तर ठेव," ती म्हणाली. "न्हाई तर दसऱ्याला भंगारवाला बोलावते. सणाला दारात गंज नको मला."

पप्पा रेल्वेतून रिटायर झालेले. "व्हिडिओ बघून मशीन दुरुस्त व्हतं व्हय?" म्हणायचे, आणि रोज माझ्याआधी शेडमध्ये हजर. डिझेल आणि पॉलिश पेपरनं घासता घासता तांबड्या थराखालून करडं, गुळगुळीत बीड वर आलं. या कामात फार बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडायचं. घरी पाहुणे आले की मी घासायला निघून जायचे. "लग्नाचं काय?" हा प्रश्न शेडपर्यंत येत नसे.

जाम झालेल्या बेअरिंगच्या जागी नवी मागवली होती, ती आली थेट खंडेनवमीच्या दुपारी. ती बसवून पट्टा चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. मी हात धुऊन परत आले, तर आई शेडमध्ये पूजेचं ताट घेऊन उभी. कोयता, शिलाई मशीन, पप्पांचे पाने पूजता पूजता सवयीनं तिनं टेबल सॉलाही हळदीकुंकू लावलं होतं. वर झेंडूचं फूल.

पप्पांनी कपाळाला हात लावला. "आगं, आता बटन कसं दाबायचं? पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत्यात का?"

"मग मुदत संपली," आई म्हणाली.

मी सहसा मधे बोलत नाही. पण तोंडातून निघूनच गेलं, "आई, पूजलेलं हत्यार भंगारात देतात का गं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या फुलाकडे. पप्पा तोंड फिरवून हसत होते.

"लय शहाणी झालीस," ती म्हणाली. "आन् स्कूटी कुठं लावू? तुझ्या डोक्यावर?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी बटन दाबलं. यंत्र आधी थरथरलं, मग एका सुरात फिरायला लागलं. मी पहिली फळी पुढे सरकवली. जरा तिरकीच कापली गेली. कानांवर हात ठेवून दारात उभी असलेली आई पुढे आली, फळी उचलून उलटसुलट बघू लागली.

"डब्यांसाठी मांडणी व्हईल का गं याची?" तिनं विचारलं. "सरळ कापायला शिकशील तवा."