उपाशी चिंचोका

ताटात भाकरी पडली की माझे सासरे आधी तिचा माग काढत. ज्वारी कुठल्या रानातली, दळण कुणाच्या गिरणीतलं, ती गिरणी बंद असती तर दुसरी कुठली जवळ होती, एवढं विचारून झालं की मग पहिला घास. लग्नानंतर मी पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, मीठ कुठनं आलं?" मला वाटलं आमटी खारट झाली. मी रडवेली झाले. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तू आपली वाढ. त्येंच्या इचारन्याला काय अर्थ न्हाई. खेचरं हाकून हाकून डोकं तसं झालंय."

गावात त्यांना 'रसद सुभेदार' म्हणत. पारनेर तालुक्यातल्या आमच्या त्या गावात घरटी एक गडी पलटणीत, त्यामुळे खरे सुभेदार दोघेतिघे होते. मामंजी त्यांच्यातले नव्हते. ते हवालदार म्हणून घरी आले, तेही खेचरांच्या तुकडीतून. डोंगरावरच्या चौक्यांना पीठ, मीठ, रॉकेल पोचवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "बंदूकवाले लई बघितले. दोन दिस भाकर मिळाली न्हाई की तीच बंदूक टेकून बसत्यात," हे वाक्य ते इतक्यांदा ऐकवत की खरे सुभेदार त्यांना लांबून पाहूनच वाट बदलत.

इतर माजी सैनिक पारावर पत्ते कुटत. मामंजींनी स्वतःचा खेळ काढला होता. घरामागच्या ओट्यावर मोठाल्या शहाबादी फरश्या होत्या. त्यांच्यावर ते खडूने घरं आखून मुलूख काढत. खडे ठेवले की डोंगर, सुतळी टाकली की नदी. चिंचोके म्हणजे सैनिक, हरभरे म्हणजे खेचरं आणि ज्वारीचे दाणे म्हणजे भाकरी. दोघांनी आपापल्या कोपऱ्यात कोठार मांडायचं, आणि तिथून हरभऱ्यांच्या रांगेने दाणे पुढे पोचवायचे. दाणा पोचला तरच चिंचोक्याला चाल. न पोचला तर तो जागच्या जागी बसून राहायचा, मग समोर शत्रू उघडा पडलेला का असेना. "उपाशी चिंचोका हालत न्हाई," हा त्या खेळाचा पहिला आणि शेवटचा नियम. बाकीचे नियम मामंजी हरायला आले की बदलत.

हा खेळ खेळायला गावात कुणी तयार नव्हतं. लढाई सुरू होईपर्यंतच माणसं जांभया द्यायला लागत. मला पाहायला आले तेव्हा मामंजींनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिवणटिपणाचं विचारलं नाही. "मॅट्रिक झालीस म्हनं. बुद्धिबळ येतं का?" एवढंच विचारलं. भावाने शिकवलं होतं, मी हो म्हटलं. ते लगेच गुळाला हात घालून म्हणाले, "ठरलं." यांनी तोवर मान वर करून मला पाहिलंही नव्हतं. हे सुट्टीवर आले की हसत सांगायचे, "बायको माझी न्हाई, आबांचा गडी हाय तो."

दुपारची भांडी झाली की मागच्या ओट्यावर आमचा डाव बसे. सुनेने सासऱ्यासमोर बसून खेळायचं हे त्या काळात कुणाला पटण्यासारखं नव्हतं, म्हणून मागचा ओटा. डोक्यावरचा पदर सांभाळत मी त्यांची रसद तोडत असे. तेही त्यांनीच शिकवलं होतं. "पुढच्याला मारत बसू नको. त्यो मरंना. त्येची शेपूट धर. खेचरं आडीव, मंग पुढचा आपसूक बसतोय." एकदा डाव रंगात असताना आमची तांबडी कोंबडी ओट्यावर चढली आणि माझी सगळी रसद टिपून गेली. मी आरडाओरडा केला, तर मामंजी मांडीवर थाप मारून ओरडले, "शत्रूचं इमान! आभाळातनं आलेल्या इमानाला नियम न्हाई!" तेव्हापासून कोंबडी दिसली की आम्ही दोघं "इमान आलं, इमान" म्हणून हात पसरून रसद झाकत असू. सासूबाई म्हणत, "दोन येडी एका घरात घातली देवानं." खेळातलं धान्य त्या रोज मोजून मागून घेत आणि चाळून पुन्हा डब्यात टाकत.

हे लष्करात रसदीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांना पायदळात जायचं होतं. मामंजींनी जुन्या ओळखी काढून, कुणाकुणाच्या पाया पडून त्यांना रसदीत घालवलं. "पोरगं पुढं जायचं म्हनत हुतं. मी मागं बसिवलं. मागचा जगतोय," हे ते मला धीर म्हणून सांगत. मलाही धीर वाटे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकून मामंजी घरी येत आणि ओट्यावर सरहद्द काढत. डाव खेळणं बंद झालं होतं, नुसती मांडणी चाले. यांच्यासाठी त्यांनी एक पांढरा काबुली हरभरा शोधून आणला होता. तो ते नेहमी सगळ्यात मागे, खड्यांच्या डोंगराआड ठेवत. "ह्यो हितं हाय. ह्येला कोन हात लावतंय?" असं म्हणून माझ्याकडे बघत. मी मान हलवत असे.

मग एका सकाळी तालुक्याहून जीपमधून एक लष्करी साहेब आले. रसदीच्या ट्रकांची रांग रस्त्यावर असताना वरून विमानं आली होती. एवढंच त्या साहेबांनी सांगितलं, आणि टोपी काढून उभे राहिले. दहन तिकडेच झालं होतं. मामंजींनी त्यांना विचारलं, "रांगेत कितवी गाडी हुती?" साहेबांना माहीत नव्हतं. मामंजींनी मान डोलावली आणि त्यांना चहा सांगितला. चहा मी केला. साखर किती घालायची ते मी बाहेर येऊन विचारलं सुद्धा. लोक मला पुढे कित्येक वर्षं सांगत की तू दगडासारखी होतीस. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. हातपाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं.

माणसं बसायला यायला लागली म्हणून सासूबाईंनी मागचा ओटा झाडून घेतला. सरहद्द, डोंगर, दाणे, सगळं केरात गेलं. काबुली हरभरा त्यात गेला का, मी पाहिलं नाही. झाडता झाडता त्या थांबल्या आणि मामंजींकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या खेळात बी आदी मागच्यालाच मारत्यात ना?" त्यांना तो खेळ कळत नाही असं आम्ही दोघं इतके दिवस समजत होतो.

त्यानंतर मी एका कोपऱ्यात बसून असायची. ताट पुढे यायचं, तसंच परत जायचं. कुणी जबरदस्ती केली की घास तोंडात फिरत राही. महिना-दीड महिना असाच गेला. एका दुपारी मामंजींनी खडू घेऊन ओट्यावर पुन्हा मुलूख काढला आणि हाक मारली. मी जाऊन बसले. त्यांनी आपला चिंचोका सरकवला. माझी पाळी आली. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या बोटांवर टिचकी मारली.

"जेवलीस का?"

"न्हाई."

"मंग तुजी चाल न्हाई."

ते उठले, स्वतः चुलीपाशी जाऊन भाकरी आणि चटणी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून बसले. मी न खाता बसले, तर तेही बसले. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. शेवटी मी भाकरी मोडली. अर्धी झाल्यावर ते म्हणाले, "आता एक घर हाल." पुढे रोज तेच. पूर्ण भाकरी खाल्ली तर दोन घरं. मी खेळासाठी खात नव्हते, त्यांनी उठावं म्हणून खात होते, पण पोटात जात होतं. एकदा ती तांबडी कोंबडी ओट्यावर आली आणि माझी रसद टिपू लागली. आमच्यापैकी कुणीच काही ओरडलं नाही. तिचं खाऊन झाल्यावर मामंजींनी डब्यातून दुसरे दाणे काढून त्याच जागी ठेवले.

जूनमध्ये त्यांनी मला नगरला अध्यापिका विद्यालयात घातलं. मी नको म्हटलं नाही, हवं म्हटलं नाही. गावात कुजबूज झाली. आमचे एक चुलत सासरे घरी येऊन म्हणाले, "पांढऱ्या कपाळाची सून शहरात एकली ठिवनार? खानार काय ती तिथं?" मामंजी पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या भानगडीत पडले नाहीत. दुसरा ऐकून मात्र ते सरसावून बसले. "त्ये माज्यावर सोडा," म्हणाले.

नगरला मी एका ओळखीच्या घरी खोली घेऊन राहिले, आणि माझा डबा रोज गावाहून येऊ लागला. शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीने येतातच, त्यात नवल नाही. पण मामंजींनी त्याची मोहीम केली. दोन डबे घेतले, एक जाताना दुसरा येताना. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरला डबा द्यायचा, मी स्टँडवर उतरवून घ्यायचा आणि आदला रिकामा त्याच गाडीने परत धाडायचा. "रिकामा डबा फिरला न्हाई तर उद्या भाकर कशात घालू, तुज्या सासूच्या पदरात?" डब्याला फडकं बांधून वर ते खेचराच्या पाठीवरच्या ओझ्याची गाठ मारत. ती गाठ वाटेत सुटणं शक्य नव्हतं, आणि मुक्कामाला पोचल्यावरही नव्हतं. रोज दात लावून लावून माझ्या हिरड्या दुखत. मी तक्रार केली तर निरोप आला, "रसद पोचली का? मंग दात कशाला दिलेत देवानं?"

त्यांचं दुसरं म्हणणं असं की एक वाट म्हणजे वाट नव्हे. एसटी चुकली तर डबा दुधाच्या टेम्पोवर. मग तो मोठा दुष्काळ आला. गुरं छावणीत गेली, दूध आटलं, टेम्पो बंद झाला. सगळं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर, मामंजी आणि सासूबाई सुद्धा. पण कामावर वाटायची लाल ज्वारी घेऊन नगरहून ट्रक येतात आणि रिकामे परत जातात हे मामंजींनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. त्यातल्या गनीभाई नावाच्या ड्रायव्हरला त्यांनी तंबाखू चारून चारून आपलासा केला. "रिकामी गाडी माघारी जानं म्हंजी पाप हाय," असं त्यांनी त्याला पटवून दिलं. डब्यात आता ती लाल ज्वारीची भाकरी असे, तिला वास यायचा. कधी कामावर वाटलेली नुसती सुकडी. पण डबा आला नाही असं झालं नाही. त्यांच्या ताटात त्या दिवशी काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. मला सुचलंच नाही. मी डबा खात होते आणि पाठ करत होते, एवढंच.

एके दिवशी मी स्टँडवर डबा उतरवून घेतला आणि गाठीशी झटत बाकावर बसले होते. गनीभाईचा ट्रक स्टँडबाहेर थांबला. तो उतरून माझ्याकडे येऊ लागला तेव्हा मला वाटलं, आज दोन डबे आले की काय. तो समोर उभा राहिला. "बेटी, सुभेदारसाहब गेले. डबा एसटीत दिला, आन् तितंच पिंपळाखाली टेकले, ते उठलेच न्हाईत. चल, मी घेऊन जातो."

"थांबा," मी म्हणाले, "मी जेवते."

त्याला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मयत घरात असताना कुणी घास घेतो का? पण मी दातांनी गाठ सोडवली, भाकरी काढली आणि सगळी खाल्ली. नळावर डबा घासला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि ट्रकमध्ये चढले. गनीभाई वाटभर माझ्याकडे चोरून बघत होता. मी खिडकीतून फोडलेल्या खडीचे ढीग बघत होते. तेव्हाही मला काही वाटलं नाही, आणि या वेळी त्याची मला भीती वाटली.

घरी दारातच सासूबाईंनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडून आत पाहिलं. "खाल्लंस व्हय," म्हणाल्या आणि मोठ्याने रडल्या. मी त्यांना धरून बसले. माझे डोळे कोरडे होते. मामंजींना बाहेर अंगणात ठेवलं होतं आणि गावातले खरे सुभेदार टोप्या काढून उभे होते.

दिवस झाल्यावर मी नगरला परत गेले. आता जेवणाचं काय, हा प्रश्न कुणी काढला नाही, मीही नाही. सासूबाई खडी फोडायला जात होत्या, त्यांना त्या डब्याफडक्याची नेहमी थट्टाच करताना मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सवयीने पाय स्टँडकडे वळले. सकाळची गाडी आली. कंडक्टरने खिडकीतून डबा पुढे केला.

बाकावर बसून मी नेहमीसारखे गाठीला दात लावले. गाठ तशीच सुटली. साधी गाठ होती, बायका लुगड्याच्या पदराला मारतात तसली. आत लाल ज्वारीची भाकरी होती आणि कोपऱ्यात चिमटीभर चटणी. मामंजी गेले हे मला तेव्हा कळलं. आधी हे गेले होते, तेही तेव्हाच कळलं.

मी आधी जेवले. मग रडले.