सगळ्यांनाच पोटमाळा

कोर्टाच्या जिन्याखाली बावीस वर्षं परवान्यावर टाइपरायटर बडवणाऱ्या माणसाला सगळे कार्बनकाका म्हणत. झडतीच्या वॉरंटसाठी त्यांच्याकडे एकच प्रतिज्ञापत्र होतं. नाव-पत्ता बदलायचा, बाकी मजकूर तोच : 'चोरीचा माल पोटमाळ्यावर लपवलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.' न्यायाधीशांना तो इतका पाठ झाला होता की ते न वाचताच सही ठोकत.

एके दिवशी एक दीर आला. वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ विधवा वहिनीनंच ढापलं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"तुम्ही पाहिलंत?" काकांनी विचारलं.

"नाही हो. पण तिच्याशिवाय कोण घेणार?"

"म्हणजे पाहिलंत," म्हणत काकांनी कागद चढवला.

वहिनी दोन खोल्यांत शिवणकाम करायची. झडतीला आलेल्या हवालदारांना पोटमाळा काही सापडेना. पण कोर्टाच्या कागदावर आहे म्हणजे असणारच! त्यांनी छत फोडलं. वर एक पाल निघाली. खाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर चुन्याचा सडा पडला. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे होतं. टाकलं होतं दिरानंच, आणि विसरलाही तोच. तोवर 'चोरटी' म्हणून बाईची गिऱ्हाइकं तुटली होती.

तिनं दावा लावला. हवालदार म्हणाले, आम्ही हुकूम पाळला. सही करणाऱ्या न्यायाधीशांना कायद्यानं हातच लावता येत नव्हता; त्यांना तर बढतीही मिळाली होती. दीर म्हणाला, "लिहिलं काकांनी, मी नुसती सही केली."

उरले काका. आता परवाना जाणार, हे त्यांना दिसत होतं. वकिलानं गप्प राहायला बजावलं होतं, तरी ते उठले.

"साहेब, या बाईंशी माझं काही वैर नाही. पोटमाळा मी सगळ्यांनाच लिहितो!"

नव्या न्यायाधीशांनी मान वर केली आणि जुन्या फायली मागवल्या. एकशे बारा वॉरंटं, एकशे बारा पोटमाळे. त्यातला एक तंबूत.

खोटं सांगून वॉरंट मिळवणाऱ्यानं आणि जाणूनबुजून ते लिहिणाऱ्यानं भरपाई द्यावी, असा निकाल लागला. परवाना गेला तो गेलाच.

काका माफी मागायला गेले, तेव्हा सुतार छताला फळ्या ठोकत होता.

"हे काय करताय, वहिनी?"

"पोटमाळा. तुमच्याच भरपाईतला. या, आता तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा!"