पहिल्या रांगेतली चटई

दवाखान्यातली गर्दी ओसरू लागली तेव्हा सगळे खूश झाले. एकट्या कनकाला भीती वाटली. तिथं जखमा बांधण्याचं, इंजेक्शनं देण्याचं काम तिचं होतं.

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या क्वार्टर्स तेव्हा नव्या होत्या. भिंतींचा चुना अजून पदराला लागायचा. पुण्याकडून बदली होऊन आलेले फोरमन वसंतराव रोज सकाळी सहाला मैदानावर ध्यानाचा वर्ग घेत. आधी श्वासाकडे लक्ष, मग घंटा होईपर्यंत मौन. हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. यात कनकाला काही वावगं वाटत नव्हतं. कृष्णस्वामी कारकून झोपेच्या गोळीसाठी दर सोमवारी यायचा. त्याला आता खरोखरच झोप लागत होती. तंजावरला तिचे वडीलही रोज नाक धरून बसत. पण ताप आला की वैद्याला बोलावत.

तिच्या डोक्यात गेला तो वसंतरावांचा एक नियम. ज्यानं दवाखान्यातून औषधाची बाटली भरून आणली, त्याची चटई मागच्या रांगेत.

औषधाला बाटली घरूनच न्यावी लागे. ती हातात घेऊन निघालं की साऱ्या खिडक्यांना कळायचं. लोक आधी बाटली टिफिनच्या डब्यात लपवू लागले, मग यायचेच थांबले. कनकाचा नवरा राघोत्तम तर पहिल्या रांगेत बसे, आणि महिनाभर खोकत होता.

"बाटली नको. छातीचा एक्स-रे तेवढा काढून या," ती म्हणाली.

"माझी चटई मागं गेलेली बघायचीय तुला."

"रोज उशी भिजते तुमची. अभ्रे मी धुते."

"घाम आहे. मद्रासेत कुणाला येत नाही?"

त्या संध्याकाळी ती वसंतरावांच्या दारात उभी राहिली. त्यांनी आत या म्हटलं नाही.

"कनकाबाई, मागच्या महिन्यात तुमच्याकडे दीडशे माणसं आली, या महिन्यात साठ. साहेबांनी भाषणात सांगितलं. तुम्हाला आनंद नाही?"

"उरलेली बरी झाली की लपली, ते पाहिलंत का?"

"तुम्हाला रिकामं बसवत नाही, हे खरं दुखणं." ते हसले. "आणि जरा सरळ मराठीत बोला. हे हेल काढणं काय?"

"आमची मराठी या मुलखात तीनशे वर्षं आहे. तुम्ही मागच्या आषाढात आलात."

दार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली ती दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत, हातात थर्मामीटर घेऊन. मौन सुरू झालं होतं. साठ-सत्तर मिटलेले डोळे, कडुनिंबाखाली चिमण्यांचा गलका. ती पहिल्या रांगेत राघोत्तमसमोर उकिडवी बसली, त्याची हनुवटी धरली आणि काच जिभेखाली सरकवली. त्यानं डोळे उघडले. इतका राग तिनं त्या डोळ्यांत लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पाहिला नव्हता. पण घंटा व्हायची होती, आणि नियम मोडणाऱ्यांतला तो नव्हता. तिला तेवढंच हवं होतं.

"एकशे एक," ती मोठ्यानं म्हणाली.

"मौन चालू आहे," वसंतराव ओरडले.

"मग तुमचे डोळे कसे उघडे?"

काच निघाली आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला फुटला. थांबेना. त्यानं तोंडाला लावलेल्या टॉवेलवर लाल ठिपका उमटला. शेजारच्या दोघांनी आपापल्या चटया सावकाश बाजूला ओढल्या. तेव्हा राघोत्तम स्वतःच उठला. आठच्या गाडीनं ती त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. डाव्या फुप्फुसावर डाग होता.

वर्षभर गोळ्या चालल्या. इंजेक्शनं तिनंच दिली. तो भिंतीकडे तोंड करून दंड पुढं करी. तो बरा झाला. "चारचौघांत माझ्या तोंडात काच कोंबलीस," हे त्यानं तिला एकदाच ऐकवलं, आणि मग कामापुरतंच बोलू लागला.

मैदानावर तो परत गेला नाही. घरीच खिडकीपाशी चटई टाकून डोळे मिटून बसे. डॉक्टर म्हणाले होते, बसू द्या, मन शांत राहतं. ती तेवढा वेळ भांड्यांचा आवाज होऊ देत नसे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती समोर येऊन बसली की तो, डोळे न उघडता, तोंड उघडी.

"साडेअठ्ठ्याण्णव," ती सांगे.

तो मान हलवी, आणि पुन्हा श्वासाकडे वळे.